देवाच्या चित्राची पूर्वतयारी: रविवर्मा ते फाळके

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय कला-अकादमींत धार्मिक प्रसंगाचे मोठे तैलचित्र थेट रंगवायला घेत नसत. आधी कागदावर मांडणीची रेखाटने होत, मग लहान कॅनव्हासवर तैलरंगांत कच्चे चित्र केले जाई. त्यात चेहऱ्यांचे बारकावे नसत. उजेड कोणत्या बाजूने यावा, मुख्य आकृतीचे वस्त्र कोणत्या रंगाचे असावे, एवढेच ठरे. पुढे मॉडेल बसवून हातांचा आणि वस्त्रांच्या चुण्यांचा वेगळा अभ्यास होई. शेवटी चौकटी आखून आराखडा मोठ्या कॅनव्हासवर उतरवत.

मुंबईत १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर जे. जे. कलाशाळेमुळे छायाप्रकाश आणि यथार्थदर्शनाचे हे शिक्षण महाराष्ट्रात पोहोचले. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) अशा शाळेत शिकलेले नव्हते, पण पौराणिक चित्रांसाठी त्यांची पूर्वतयारीही कसून असे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १४ पौराणिक चित्रांचे काम सोपवल्यावर ते धाकटे बंधू राजराज वर्मांसह देश फिरले आणि ठिकठिकाणचे पेहराव पाहिले. त्यांच्या अनेक देवी-नायिकांच्या अंगावर महाराष्ट्रीय पद्धतीचे लुगडे दिसते.

१८९४ मध्ये मुंबईत रविवर्मा छापखाना निघाला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तेथे तैलचित्र हीच छपाईची पूर्वतयारी ठरली. कारागीर मूळ चित्राची बाह्यरेषा उतरवून घेत आणि रंग वेगळे करत. प्रत्येक रंगासाठी वेगळी चुनखडीची शिळा लागे. तीवर तेलकट शाईने उलटी प्रतिमा काढायची, डिंक आणि आम्लाचा हात द्यायचा, मग ओल्या शिळेवर रूळ फिरवायचा. शाई फक्त तेलकट जागी चिकटे. लक्ष्मीच्या गालाची छटा एका रंगाने साधत नसे. पिवळा, गुलाबी, तपकिरी यांचे दाट-विरळ ठिपके एकावर एक बसवावे लागत. कागद केसभर सरकला तरी डोळ्याची कड फाटलेली दिसे.

या कामाचा अनुभव पुढे चित्रपटकार झालेल्या दादासाहेब फाळके यांनी घेतला. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वरचा. जे. जे. आणि बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, छायाचित्रण शिकून ते रविवर्मा छापखान्यासाठी शिळांवर प्रतिमा उतरवण्याचे काम करत. १९०९ मध्ये तिरंगी छपाई शिकण्यासाठी ते जर्मनीला गेले.

पुढे ते चित्रपटाकडे वळले. १९१३ च्या त्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटासाठी दृश्यांमागचे पडदे रंगवले गेले. चित्रपटाच्या आरंभीच्या दृश्याची मांडणी रविवर्म्यांच्या हरिश्चंद्र-चित्राशी जुळते, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. त्यानंतर फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवले आणि 'मोहिनी भस्मासुर' तेथेच काढला. पुढे हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीसाठी त्यांनी 'श्रीकृष्ण जन्म' (१९१८) आणि 'कालिया मर्दन' (१९१९) हे चित्रपट काढले. पात्रे कुठे उभी राहावीत, वेश कसा असावा, पडदा काय दाखवेल, हे चित्रीकरणाआधीच ठरे. कच्च्या तैलचित्राचे काम आता रंगवलेला पडदा आणि मांडलेले दृश्य करू लागले. फाळके १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच निवर्तले.