गावचा कोण? मिरासदार, उपरी आणि पंचाच्या रहिवासाचा प्रश्न

१/
‘राहता कुठे?’ आणि ‘गाव कोणते?’ हे मराठीत दोन वेगळे प्रश्न आहेत. मुंबईत जन्मलेला माणूसही दुसऱ्याचे उत्तर ‘सातारा’ किंवा ‘सांगली’ असे देतो. गावाच्या कारभारात कोणी बसावे, हे एकेकाळी याच भेदावर ठरत असे. हा थ्रेड त्या भेदाच्या इतिहासाविषयी.

२/
मराठेशाहीत कृष्णाकाठच्या गावांत शेतकऱ्यांचे दोन वर्ग होते. मिरासदार, म्हणजेच थळकरी, जमीन वंशपरंपरेने धारण करी. उपरी बाहेरून येऊन कराराने जमीन कसे. दोघांची शेते बांधाला बांध लागून असत. गावातील प्रतिष्ठा मात्र एक नव्हती.

३/
वतन, मिरास वा सीमेचा तंटा उभा राहिला की गोतसभा भरे. पाटील, कुलकर्णी, मिरासदार, बलुतेदार जमत, साक्षी होत, महजर लिहिला जाई आणि त्यावर निशाण्या उमटत. पाटलाची निशाणी नांगर. कित्येक वर्षे गावात राबलेल्या उपऱ्याला या बैठकीत मिरासदाराच्या बरोबरीचे स्थान नसे.

४/
याउलट दुष्काळाने वा धामधुमीने परागंदा झालेल्या मिरासदाराचा हक्क सहजासहजी बुडत नसे. दीर्घ काळानंतर परतूनही तो आपली मिरास मागू शके. गावात नसलेला गावचा राही आणि गावात असलेला उपरा ठरे. या मानाची किंमतही होती : मिरासपट्टीसारखा जादा कर मिरासदारावरच बसे.

५/
पेशवाई संपली. १८४८ मध्ये डलहौसीने सातारचे राज्य खालसा केले. ब्रिटिश मोजणीने सरकारी सारा भरणाऱ्या प्रत्येकाला खातेदार म्हटले आणि मिरासदार-उपरी हा भेद महसुलापुरता पुसट झाला. पण हक्काचे मूळ बदलले नाही. १८८४ च्या कायद्याने लोकल बोर्डे आली, तेव्हाही मताचा अधिकार प्रामुख्याने जमीन, मालमत्ता आणि उत्पन्न पाहूनच मिळत होता.

६/
वेगळी वाट औंधने दाखवली. या संस्थानाचा मुलूख विखुरलेला होता : औंध आजच्या सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी व कुंडल सांगली जिल्ह्यात. १९३९ मध्ये राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी प्रजेच्या हाती सत्ता देणारी राज्यघटना जाहीर केली. तिच्यामागे महात्मा गांधी, अप्पासाहेब पंत आणि पोलिश अभियंता मॉरिस फ्रिडमन यांचा विचार होता.

७/
त्या रचनेचा पाया होता गावकऱ्यांनी निवडलेली पाच जणांची पंचायत. पंचायतींच्या प्रमुखांतून तालुक्याची सभा बने आणि तेथून विधिमंडळाकडे वाट जाई. म्हणजे वर जाणाऱ्याला आधी स्वतःच्या गावाचा विश्वास मिळवावा लागे. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले आणि हा प्रयोग थांबला.

८/
स्वतंत्र भारताच्या कायद्याने जुना नियम उलटा केला. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार मतदारयादीत नाव येण्यासाठी तेथील ‘सर्वसाधारण रहिवासी’ असावे लागते. केवळ घर मालकीचे आहे म्हणून रहिवास सिद्ध होत नाही. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच बनते आणि त्या यादीत नाव असल्याशिवाय सदस्य होता येत नाही. कागदावर तरी उपऱ्याचा विजय झाला.

९/
शहरांतही मतदारयादी हाच आधार. अग्निशमन सेवा राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीनुसार नगरपालिकांकडे सोपवण्याच्या विषयांत मोडते, म्हणून सांगलीत बंबाचा निर्णय महापालिकेच्या सभागृहात होतो. अमेरिकेत अनेक ठिकाणी आगीसाठी स्वतंत्र निर्वाचित मंडळे आहेत. कोलोरॅडो राज्यात अशा मंडळावर तेथे राहणारा मतदार बसू शकतो. तसेच राज्यात अन्यत्र राहणारा, पण त्या हद्दीत करपात्र मालमत्ता असलेला मतदारही. मिरासदाराला हा नियम ओळखीचा वाटला असता.

१०/
तरीही प्रश्न मिटलेला नाही. तात्पुरत्या गैरहजेरीने रहिवास संपत नाही, असेही तोच कायदा सांगतो. म्हणून दर हंगामात बीडकडून सातारा-सांगलीच्या फडांत येणाऱ्या ऊसतोड मजुराचे मत त्याच्या गावी शाबूत राहते. ही तरतूद न्याय्यच आहे. पण ज्या गावाच्या शिवारात त्याची कोपी उभी असते, तेथील पाणी, दिवे आणि शाळा ठरवणाऱ्या सभेत त्याला मत नसते.

११/
गोतसभेने विचारले : तुझी मिरास कुठे? कायदा विचारतो : तुझा रहिवास कुठे? वर्षाचे सहा महिने एका शिवारात आणि सहा महिने दुसऱ्या शिवारात काढणाऱ्याला दोन्ही प्रश्न अपुरे पडतात. फडावरच्या कोपीला आग लागली, तर बंब मागायला त्याने कोणत्या पंचाकडे जावे?