डोळ्याला दिसणारं कोकरू

दोन कोकरं शेजारी शेजारी उभी केली आणि यातलं चांगलं कोणतं असं विचारलं, तर आपण बहुधा लोकर पाहू, किंवा तोंडाकडे पाहून ‘हे गोड आहे’ असं म्हणू. प्रदर्शनातला परीक्षक आधी चार पावलं मागे सरतो. बाजूनं पाहतो : पाठ सपाट आहे का, पाय चौरंगाच्या पायांसारखे चार कोपऱ्यांत आहेत का. मग पुढून छाती, मागून मांड्या. शेवटी जवळ जाऊन बोटं जुळवलेला हात तो पाठीवर, बरगड्यांवर आणि कमरेवर दाबून पाहतो, कारण लोकरीखाली काय दडलंय ते डोळ्याला कळत नाही. मग क्रमांक लावायचे. अमेरिकेत शाळकरी मुलांच्या पशुपारख स्पर्धा होतात, तिथे तर पहिलं कोकरू दुसऱ्याहून सरस का, हे मुलांना कारणं देऊन सांगावं लागतं.

मेंढपाळाची पारख मेंढपाळाइतकीच जुनी आहे. पण प्रदर्शनांतल्या या पद्धतीची मुळं शोधत गेलं, की आपण अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये पोहोचतो.

लेस्टरशायर परगण्यात डिशली नावाच्या ठिकाणी रॉबर्ट बेकवेल (१७२५–१७९५) हा शेतकरी राहत होता. मेंढी तोपर्यंत मुख्यतः लोकरीसाठी पाळली जाई. शहरं वाढत होती, मांसाला मागणी येत होती. बेकवेलनं ठरवलं, की हाडं बारीक, अंग पिंपासारखं गोल आणि जिथं मांसाला भाव अधिक तिथं मांस अधिक, अशी मेंढी घडवायची. हव्या त्या बांध्याचे नर-मादी निवडून त्यानं नात्यातल्या नात्यात संकर केले. घरात त्यानं जनावरांचे सांगाडे आणि खारवलेले मांसाचे तुकडे जपून ठेवले होते. आलेल्या पाहुण्याला तो पिढ्यांमधला फरक त्यावरून दाखवी.

मेंढे विकण्याऐवजी हंगामापुरते भाड्यानं द्यायचे, हीही त्याची युक्ती. १७६० च्या सुमाराला मेंढ्याचं भाडं एका पौंडाहून कमी होतं. १७८९ साली तीन मेंढ्यांचे बाराशे गिनी मिळाल्याची नोंद आहे. बांध्याला असा पैशांत भाव आला. पण त्याच काळी तक्रारीही सुरू झाल्या. या मेंढ्यांचं मांस फार चरबट आहे आणि त्यांना पिल्लंही कमी होतात, असं लोक म्हणत. पाठीवरचा हात ती उणीव सांगत नव्हता.

१७९८ मध्ये लंडनला स्मिथफील्ड क्लब स्थापन झाला आणि पुढल्याच वर्षी त्याचं पहिलं प्रदर्शन भरलं. बक्षिसं आली, तशी चित्रंही आली. चौकोनी पेटीला चार काड्या लावाव्यात तशी दिसणारी जनावरांची चित्रं त्या काळी घरोघरी टांगलेली असत. थॉमस ब्यूइक या नामवंत लाकूडकोरक चित्रकारानं आठवणींत लिहून ठेवलं आहे, की चरबीचे जे गोळे त्याला दिसतच नव्हते, ते काढायला त्यानं नकार दिला. माणसाला जनावर जसं हवं असतं तसंच ते दिसू लागतं. मला हा प्रसंग फार बोलका वाटतो.

विसाव्या शतकात फॅशन उलटली. १९७० नंतर अमेरिकी प्रदर्शनांत उंच, लांब पायांची, सडपातळ कोकरं पुढे येऊ लागली. त्याच काळात सफोक जातीत विचित्र कोकरं जन्मू लागली. पाय कोळ्यासारखे लांब आणि वाकडे, कणा वळलेला. कित्येकांना उभंही राहता येईना. हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच प्रकट होतो. एकाकडूनच आला तर कोकरू निरोगी राहतं, मात्र हाडं थोडी अधिक लांब होतात. म्हणजे परीक्षक ज्या उंचीला बक्षीस देत होते, तिच्यामागे कधी कधी हाच दोष उभा होता. १९९९ च्या सुमारास दोषाचं जनुक सापडलं, तेव्हा हे कोडं सुटलं.

दुसरं उदाहरण ओक्लाहोमातलं. १९८३ साली तिथे डॉर्सेट जातीचा ‘सॉलिड गोल्ड’ नावाचा मेंढा जन्मला. मागचा भाग असा भरदार, की कोणीही पहिला क्रमांक द्यावा. त्याच्या वंशात तो गुण उतरला. मांस भरपूर, चरबी कमी. शिजवल्यावर मात्र ते मांस, विशेषतः कमरेचं, चिवट निघालं! बांधा बघून जिभेचा निकाल लागत नाही.

आपल्याकडेही पारखीची हौस कमी नाही. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातल्या माडग्याळी मेंढ्याचं पोपटासारखं बाकदार नाक पाहून बोली लाखांवर जाते. पण फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं वेगळी वाट धरली. आपली दख्खनी मेंढी काटक, पण बहुतेक वेळा तिला एकच कोकरू होतं. सुंदरबनातली गारोळ मेंढी अगदी लहानखुरी, प्रौढ झाली तरी जेमतेम दहा-पंधरा किलोची. कोणत्याही प्रदर्शनात ती शेवटी उभी राहील. जुळी देण्याचं जनुक मात्र तिच्यात आहे. ते जनुक दख्खनीत आणून संस्थेनं ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार केली. २००१ साली त्या जनुकातला नेमका बदल ओळखला गेला आणि रक्ताच्या थेंबावरून निवड करणं शक्य झालं.

मग डोळा आणि हात निकामी ठरले का? मुळीच नाही. वाकडा पाय, खचलेली पाठ, सदोष जबडा हे आजही पाहूनच कळतं, आणि माळावर मैलोन् मैल चालणाऱ्या मेंढीला धड पाय हवेतच. इतिहास सांगतो तो एवढाच, की बक्षीस ज्याला द्याल ते वाढतं, आणि त्याच्यासोबत न पाहिलेलंही वाढतं. म्हणून पहिला क्रमांक लावण्याआधी परीक्षकानं आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत : याच्या आईनं किती पिल्लं वाढवली, आणि याची भावंडं कशी निघाली?