शार्प्सची बंदूक आणि तिचे कारागीर

आजचा विषय बंदुकीचा आहे आणि तो मांडायला कामगार संघटनेचा माणूस उभा आहे, याचे काहींना नवल वाटेल. आमचे आयुष्य फिटर, टर्नर आणि ओतारी यांच्यात गेले. शिक्षण म्हणाल तर गेटसभा आणि सार्वजनिक वाचनालय. त्यामुळे एखादी वस्तू पाहिली की ती कोणी वापरली यापेक्षा ती कोणी घडवली, आणि घडवणाऱ्याचे काय झाले, हे आम्ही आधी विचारतो. बंदुकीच्या बाबतीत हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

अमेरिकेच्या माँटाना राज्यात यलोस्टोन नदीकाठी बिग टिंबर नावाचे गाव आहे. वस्ती दोन हजारांच्या आत. या एवढ्याशा गावात दोन कारखाने असे आहेत की, जेथे दीडशे वर्षांपूर्वीची शार्प्स रायफल आज नव्याने तयार होते. त्यांपैकी शायलो नावाचा कारखाना 1976 साली न्यूयॉर्क राज्यात सुरू झाला आणि 1983 साली येथे आला. गिऱ्हाईक सांगेल तेवढ्या लांबीची नळी, सांगेल त्या मापाचे काडतूस, सांगेल त्या प्रतीचे अक्रोडाचे लाकूड. मागणी नोंदवायची आणि वाट पाहत बसायचे. 1990 साली एका बोलपटात नायकाच्या हाती याच कारखान्याची रायफल दिसली आणि मागणी फार वाढली.

ही रायफल एका वेळी एकच गोळी झाडते. चापाखालची कडी हीच तरफ असते. ती पुढे ढकलली की पोलादाचा एक ठोकळा खाचेतून सरळ खाली उतरतो आणि नळीचे मागचे तोंड उघडते. काडतूस सारायचे, कडी मागे ओढून ठोकळा वर घ्यायचा, घोडा चढवायचा, नेम धरायचा. पुन्हा गोळी हवी तर पुन्हा सारे पहिल्यापासून. वजन चांगले साडेचार-पाच किलो, भारी नळीची असली तर सातपर्यंतही जाते.

नव्या नकलेत या ठोकळ्याची पेटी बहुधा मेणाच्या साच्यातून ओतलेली असते. मेणाची प्रतिकृती करायची, तिच्यावर थर चढवायचे, मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. बस्तरचे ढोकरा कारागीर पितळेच्या मूर्ती ओततात ती हीच रीत. पोलाद असल्याने भट्टीचा जोर तेवढा वेगळा. मग यंत्रावर मापे काढायची, मग कानस, मग घासकाम. शेवटी तो भाग हाडांच्या आणि चामड्याच्या कोळशात पुरून लाल तापवायचा आणि एकदम पाण्यात सोडायचा. त्याने वरची कातडी कठीण होते, आणि तिच्यावर निळे, पिवळसर, करडे असे रंग उमटतात. पाण्यावर तेल पसरावे तसे. कितीही मुरलेला कारागीर असो, एकदा उमटलेली नक्षी त्याला पुन्हा तशीच उमटवता येत नाही. गिऱ्हाईक पैसे मोजते ते यासाठी. माझ्यासारखी दुसऱ्याकडे नाही!

आता गंमत पाहा. या गिऱ्हाइकाची समजूत अशी की, जुनी शार्प्स म्हणजे हातकामाचा अस्सल नमुना, यंत्रयुगाच्या आधीची वस्तू. प्रत्यक्षात गोष्ट उलटी आहे. जुनी शार्प्स ही यंत्रयुगाचीच लेक. तिचे माहेर पाहायचे तर पोटोमॅक आणि शेनँडोआ नद्यांच्या संगमावर, हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रागारात जावे लागते.

तेथे 1820 नंतरच्या वर्षांत जॉन हॉल नावाच्या इसमाने एकच ध्यास घेतला होता. शंभर बंदुका मोडून त्यांचे भाग एकत्र ढिगात टाकले आणि हाताला येईल ते उचलून पुन्हा शंभर बंदुका जोडल्या, तरी प्रत्येक भाग बसला पाहिजे. त्यासाठी त्याने यंत्रे रचली, गेज केले, आणि ते साधून दाखवले. आज आपण बाजारातून नट आणतो आणि तो बोल्टवर बसतो, त्यामागे असल्या लोकांचे कष्ट आहेत. ते नाकारण्याचे कारण नाही. याच हॉलच्या हाताखाली ख्रिश्चन शार्प्स काम शिकला. त्याने 1848 साली आपल्या बंदुकीचे पेटंट घेतले आणि 1851 साली कनेक्टिकटमधील हार्टफर्डला तिची कंपनी उभी राहिली.

पण भाग अदलाबदलीचे झाले की माणसेही अदलाबदलीची होतात. पूर्वी हार्पर्स फेरीचा कारागीर नगावर मजुरी घेई. वाटेल तेव्हा यावे, वाटेल तेव्हा जावे, ठरलेले नग भरले की मोकळा. 1841 साली शस्त्रागारावर लष्करी अधिकारी मुख्य म्हणून आला. त्याने घड्याळ लावले, तास बांधून दिले. पुढच्याच वर्षी, 1842 साली, कारागिरांनी काम बंद ठेवले. त्यांचे म्हणणे असे की, आम्हांला यंत्राचे गुलाम केले जात आहे. ते कालव्यातून होडीने वॉशिंग्टनला गेले आणि थेट राष्ट्राध्यक्ष टायलर यांना भेटले. टायलर यांनी गोडीने ऐकून घेतले आणि कामावर परत जायला सांगितले. ते गेले. घड्याळ राहिले. शिष्टमंडळे घेऊन मंत्र्यांच्या दारी गेलेल्या आमच्यासारख्यांना या भेटीचे वर्णन अधिक करून सांगायला नको.

ही बंदूक पुढे सीमेवर गेली. तेथे बायसन, म्हणजे आपल्या गव्याच्या जातीचे जनावर, कोट्यवधींच्या संख्येने चरत होते. लाकोटा, शायेन, कोमांची या लोकांचे अन्न, वस्त्र, तंबू सारे त्यावर. 1871 च्या सुमारास त्याचे जाड कातडे कमावण्याची युक्ती सापडली आणि कातड्याला कारखान्यांतून मागणी आली. कशासाठी? यंत्रांच्या पट्ट्यांसाठी! छताखालच्या शाफ्टवरून प्रत्येक लेथपर्यंत ताकद उतरते ती चामडी पट्ट्यावरून, हे जुन्या गिरणी कामगारांना सांगायला नको. शिकारी दोन-तीनशे यार्डांवर ठाण मांडून बसे आणि एकेक गोळीने कळप आडवा करी. मागून कातडे सोलणारे येत, मांस कुजत पडे. 1889 साली विल्यम हॉर्नाडे यांनी मोजदाद मांडली, तेव्हा साऱ्या उत्तर अमेरिकेत जेमतेम हजार-अकराशे जनावरे उरली होती. जनावर गेले तसे त्यावर जगणारे लोक सरकारने आखून दिलेल्या राखीव भूमीवर ढकलले गेले. शार्प्सचा कारखाना 1881 साली बंद झाला होता. शिकाऱ्याचे गिऱ्हाईक सरत आले होते आणि दुसरीकडे अनेक गोळ्यांच्या रायफली पुढे आल्या होत्या.

आपल्या उपखंडाच्या सीमेवरही याच काळात एक नक्कल सुरू झाली, ती येथे सांगण्यासारखी आहे. पेशावर ते कोहाट रस्त्यावरच्या दर्रा आदमखेल येथील पठाण लोहारांनी इंग्रजांची एकगोळी मार्टिनी-हेन्री रायफल कानस आणि भात्याच्या जोरावर जशीच्या तशी उतरवली. तिच्यावरचे इंग्रजी शिक्केसुद्धा! अक्षरे येत नसल्याने कधी एखादे उलटे पडे. त्या लोहाराला जुन्या काळाचे कौतुक नव्हते. त्याला चालणारी बंदूक हवी होती. आमच्या मते कसबात तो बिग टिंबरच्या कारागिराहून कमी नाही, पण त्याच्या कामाला नक्कल म्हणून हिणवतात आणि माँटानातल्या कामाला वारसा म्हणतात.

बिग टिंबरच्या कारागिराचा मात्र आम्हांला राग नाही. उलट, ज्या बंदुकीने त्याच्या पूर्वजांच्या हाताचे मोल उतरवले, तिच्याच नकलेत आज त्या हाताला पुन्हा भाव आला. मात्र केव्हा, तर त्या वस्तूची जगाला गरज उरली नाही तेव्हा. शिवाय मूळची घडली ती शस्त्र म्हणून, आणि ही घडते ती हौस म्हणून, हा फरक लाकडाच्या प्रतीइतकाच महत्त्वाचा आहे. मागणीच्या कागदावर नळी, काडतूस, लाकूड सारे विचारतात. 1842 च्या संपाची आठवण तेथे कोण काढणार?

माँटानातच फॉरसाइथ या गावी दर जूनमध्ये या रायफलींच्या नेमबाजीचा मोठा मेळा भरतो. शेकडो लोक येतात, काळी दारू वापरतात, आणि दूर डोंगराच्या उतारावर पोलादी पत्र्यांची निशाणे ठेवलेली असतात. त्यांतले एक बायसनच्या आकाराचे असते. गोळी लागली की टणत्कार व्हायला जरा वेळ लागतो, तोवर सारे कान देऊन उभे असतात.