मृगातला तेजोमेघ आणि पुण्याची वेधशाळा

मृग नक्षत्रातील तीन ताऱ्यांच्या बाणाखाली एक धूसर ठिपका दिसतो. नांदगावसारख्या गावाबाहेर, दिव्यांपासून दूर गेल्यास हिवाळ्यात तो नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतो. हा तेजोमेघ सुमारे 1,350 प्रकाशवर्षे दूर आहे. असे मेघ म्हणजे दुरून एकजीव भासणारे तारे, की खरोखरच वायू, हा वाद जुना होता. 1864 मध्ये विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातील एका तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला. ताऱ्यांच्या प्रकाशासारखा सलग पट्टा न दिसता मोजक्या तेजस्वी रेषा दिसल्या, म्हणजे तिथे वायू होता. त्यांतली सर्वांत ठळक हिरवी रेषा मात्र कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना.

या रेषेच्या वादात पुण्याचाही वाटा आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणाऱ्या कावसजी दादाभाई नायगमवाला यांना भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी वर्णपट प्रयोगशाळेसाठी 5,000 रुपयांची देणगी दिली, आणि मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. नायगमवाला 1884 मध्ये इंग्लंडला गेले. खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर आदींच्या सल्ल्यानंतर प्रयोगशाळेऐवजी वेधशाळाच उभारायची असे ठरले. पुढे नायगमवाला यांची नेमणूक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे नंतरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, झाली आणि 1888 मध्ये वेधशाळा तिथेच उभी राहिली. दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातली होती.

त्याच सुमारास लॉकियर यांनी सगळे तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे, असा सिद्धान्त मांडला होता. ती हिरवी रेषा त्यांच्या मते तापलेल्या मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा उरलेला अंश. हा पट्टा एका कडेला स्पष्ट असतो आणि दुसऱ्या बाजूला विरत जातो, तेव्हा रेषेचीही एक बाजू पुसट दिसायला हवी होती. हगिन्स यांना ती तशी दिसत नव्हती. नायगमवाला यांनी मृगातल्या तेजोमेघाचे वेध घेतले आणि 1891 मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात निष्कर्ष छापले: रेषा बारीक आणि रेखीव आहे. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा झाली त्यांच्याच विरुद्ध जाणारी ही साक्ष. वेधशाळेच्या सगळ्या कामात ती सर्वांत मोलाची म्हणावी लागेल.

22 जानेवारी 1898 चे खग्रास सूर्यग्रहण नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून पाहिले, लॉकियर यांनी विजयदुर्गावरून. लॉकियर यांच्या नावावर असलेला हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला ही समजूत बहुधा या भेटीतूनच रुजली असावी. प्रत्यक्षात 1868 च्या शोधाच्या वेळी लॉकियर इंग्लंडमध्ये होते.

पुण्याची वेधशाळा मुळात एकाच माणसाच्या जिवावर चालत होती. नायगमवाला निवृत्त झाले आणि 1912 मध्ये ती बंद पडली. तिची उपकरणे कोडाईकनालला गेली.

दरम्यान 1904 मध्ये पॉट्सडॅमच्या योहानेस हार्टमान यांना, मृगाच्या त्याच बाणातील एका ताऱ्याच्या वर्णपटात, ताऱ्यांच्या मधल्या पोकळीतील कॅल्शियमची रेषा सापडली. वायू केवळ झळकणाऱ्या मेघांतच नाही, हे त्यातून कळले. 1930 मध्ये रॉबर्ट ट्रम्पलर यांनी या अवकाशात प्रकाश अडवणारी धूळही असल्याचे दाखवले.

हिरव्या रेषेचा उलगडा 1927 मध्ये अमेरिकेत आयरा बोवेन यांनी केला. ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. तेजोमेघ इतका विरळ असतो की अणूंची टक्कर क्वचितच होते, त्यामुळे एरवी दबून जाणारी ही रेषा तिथे झळकते. पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत ती सहज मिळणे शक्यच नव्हते. आकाशगंगेतला थंड हायड्रोजन मात्र दिसत नाही, तो 21 सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडतो. त्या टिपणाऱ्या, 45 मीटर व्यासाच्या 30 थाळ्या आज पुणे जिल्ह्यातच, नारायणगावजवळच्या खोडद परिसरात उभ्या आहेत.