धनुष्य किती लांब असावं?



माझ्या नोकरीच्या काळात पायदळाच्या जवानाकडे लांब रायफल असायची आणि रणगाड्यातल्या जवानाकडे आखूड कार्बाइन. शत्रू एकच, पण लढायची जागा वेगळी. शस्त्राची लांबी वापरणाऱ्याचं शरीर आणि त्याची जागा ठरवते. धनुष्याच्या इतिहासात हे लख्ख दिसतं.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘धनु’ हे लांबीचं मापच आहे. चार हात, म्हणजे ९६ अंगुळं, म्हणजे एक धनु. त्याच मापाला तिथे ‘पौरुष’ असंही नाव आहे, म्हणजे पुरुषभर लांबी. आजच्या हिशेबाने साधारण सहा फूट. ग्रीक लेखक आरियनही हेच सांगतो. अलेक्झांडरच्या आरमाराचा प्रमुख निआर्कस याच्या आधाराने तो लिहितो, की भारतीय पायदळाचं धनुष्य माणसाच्या उंचीइतकं असतं. ते जमिनीवर टेकवून, डाव्या पायाने दाबून दोरी मागे खेचतात. बाण जवळजवळ तीन हातांचा, आणि त्यापुढे ढाल-चिलखत टिकत नाही.

एवढं लांब कशासाठी? कारण लाकडाला मर्यादा असते. धनुष्य वाकलं की त्याची पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. पाती आखूड असेल आणि ओढ मोठी असेल, तर पाठ तडकते, नाहीतर पोट दबून धनुष्य कायमचं वाकतं. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रज युद्धनौकेत शंभराहून जास्त लाकडी धनुष्यं सापडली. तीही बहुतेक सहा फुटांच्या वरचीच.

घोडेस्वाराला मात्र एवढं लांब धनुष्य अडचणीचं. घोड्याच्या मानेवरून ते डावीकडून उजवीकडे फिरवायचं कसं? मध्य आशियातल्या कारागिरांनी यावर तोड काढली. मध्ये लाकूड, पोटाला शिंग आणि पाठीला जनावराच्या स्नायूंचे धागे. असं आखूड धनुष्यही लांब ओढ सोसतं. मुघल घोडदळाचं धनुष्य याच जातीचं. फक्त ओलाव्यापासून ते जपावं लागे. जपानी लोकांनी वेगळी वाट धरली. त्यांचं धनुष्य दोन मीटरहून लांब, पण मूठ मध्याच्या बरीच खाली. त्यामुळे खालची पाती घोड्याला अडत नाही.

आता इ.स.पू. ३२६ मधल्या झेलमकाठच्या लढाईकडे पाहा. रोमन लेखक कर्टियस सांगतो, की पावसाने जमीन निसरडी झाली होती आणि जमिनीवर टेकवायची पोरसच्या सैनिकांची लांब धनुष्यं तिथे नीट चालवता येईनात. समोरून अलेक्झांडरने सुमारे १,००० घोडेस्वार धनुर्धर पोरसच्या डाव्या बगलेवर सोडले होते. पोरस केवळ यामुळे हरला असं मी म्हणणार नाही, हरण्याला इतरही कारणं होती. पण कोरड्या जमिनीवर चिलखत भेदणारं शस्त्र चिखलात लंगडं पडलं, आणि त्याची किंमत पायदळाच्या साध्या शिपायाने मोजली.

तुमच्यापैकी कोणी हाताने लाकडी रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळवलेलं धनुष्य, बनवत असेल तर हाच हिशेब लावा. दोन्ही हात पसरा, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत माप घ्या आणि त्याला अडीचने भागा. ७० इंच भरले, तर ओढ साधारण २८ इंच. त्याची दुप्पट ५६, वर दहा टक्के धरा, म्हणजे जवळजवळ ६२ इंच. मूठ जाड आणि न वाकणारी ठेवणार असाल, तर तिच्यासाठी आणखी काही इंच वाढवा. वळलेल्या टोकांमुळे ओढीच्या शेवटी हाताला एकदम जड लागत नाही, पण त्या भरवशावर लांबी फार कापू नका. वळणापाशी लाकडावर ताण जास्तच येतो.

दुसऱ्याच्या धनुष्याचं माप उतरवून घेऊ नका. आधी आपले हात मोजा, मग आपण कुठे उभं राहून बाण सोडणार ते ठरवा. लाकडाला करवत लावायची ती त्यानंतर.

पुढच्या भागात बाणाबद्दल बोलू. जय हिंद.