घरटॅक्सची पावती

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. मधे समुद्रपूरला जाऊन आलो आणि तेव्हापासून एक टिनाची पेटी डोक्यातून जात नाहीये. म्हटलं, लिहूनच टाकावं. घरचेही हे वाचतात, त्यांनी जरा शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

पेटी मोठ्या आईची. (पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी: मोठी आई म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको.) त्यात घरटॅक्सच्या पावत्या, तारेत ओवलेल्या. तुम्ही घरपट्टी म्हणता, आमच्याकडे घरटॅक्स. १९८७ पासून एकही वर्ष चुकलेलं नाही. मोठे बाबा गेले त्या वर्षीचीसुद्धा पावती आहे. आणि प्रत्येक पावतीवर नाव आजोबांचं, जे १९८६ साली वारले!

विषय निघाला घर विकण्याचा. आम्ही सगळे भाऊ-बहिणी बाहेरगावी, मोठी आई एकटी तिथे. कोणीतरी म्हणालं, कागद आजोबांच्या नावावर आहे, म्हणजे सगळ्यांचे वाटे. मोठी आई काही बोलली नाही. आत गेली, पेटी आणली आणि समोर ठेवली.

"टॅक्स मी भरला. मंग घर कोनाचं?"

कायद्याचं उत्तर सोपं आहे. टॅक्स भरल्याने मालकी येत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही, ९ म्हणजे मागणीची, १० म्हणजे पावती. कोणाकडून किती घ्यायचं याचा तो हिशोब. मालक कोण, हे ठरवायला तो केलेलाच नाही. कोर्टही हेच सांगत आलं आहे. हे मी तिला सांगितलं, आणि सांगताना माझं मलाच खोटं वाटलं. कारण मालकीचा दुसरा कागद दाखव म्हटलं तर तो आमच्यापैकी कोणाकडेच नाही. तो का नाही, याच्या मागे लागलो आणि थेट भोसल्यांच्या राज्यात जाऊन पोचलो.

आपल्याकडे गावाचे दोन भाग, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भिंती पडून पडून वस्तीची माती पांढुरकी होते, म्हणून पांढरी. नागपूरकर भोसल्यांच्या काळात शेतकरी काळीचा सारा भरायचा, आणि जो शेती करत नाही त्याच्याकडून, म्हणजे विणकर, तेली, दुकानदार यांच्याकडून जो कर घेत, त्याचं नावच 'पांढरी'. रिचर्ड जेंकिन्सने १८२७ च्या नागपूर राज्यावरच्या अहवालात त्याची नोंद केली आहे. इंग्रजांना तो इतका आवडला की १८६७ साली त्यांनी मध्य प्रांतासाठी पांढरी कराचा वेगळा कायदाच केला. म्हणजे आमच्या घरटॅक्सचा खापरपणजोबा हा.

पण कर पांढरीवर असला तरी पांढरी तुमची नव्हती. नागपूर-वर्धा भागात इंग्रजांनी मालगुजारी पद्धत आणली आणि गावाचा मालक मालगुजार झाला. गावठाणाची जमीनही त्याचीच. तुमचं काय, तर भिंती, फाटे आणि कवेलू. १९१७ च्या जमीन महसूल कायद्याने शेती करणाऱ्याला घराची जागा फुकट मिळण्याचा हक्क दिला. आमचं घराणं दुकानदाराचं, त्यामुळे तो लागू नाही. बिगरशेतकऱ्याने मालगुजाराला जागेचं भाडं द्यायचं, त्याला म्हणत 'परजोत'. हा शब्द आजोबांच्या तोंडून ऐकलेला आठवतो, तेव्हा वाटायचं कुठल्याशा धान्याचं नाव असेल!

३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली. आपण तेव्हा मध्य प्रदेशात होतो. त्या कायद्यात एक छान तरतूद होती: गावठाणातलं घर ज्याचं आहे त्याचंच राहील, आणि खालच्या जागेचा बंदोबस्त सरकार त्याच्याशीच करेल. म्हणजे त्या दिवशी जागा आमची झाली. पण तसा कागद काही घरात आला नाही. शेताला सातबारा असतो, गावठाणातल्या घराला नसतो, आणि बहुतेक गावांची गावठाणं मोजलेलीच नव्हती. पुढे ग्रामपंचायतीचा १९५८ चा कायदा लागू झाला, घरांवर कर बसला आणि दरसाल एक पावती मिळू लागली. पांढरीवर राहणाऱ्या माणसाला त्याचं नाव आणि त्याचं घर एकत्र दाखवणारा सरकारी कागद मिळाला तो हाच. त्याने तो मालकीचा समजला, यात नवल काय?

२०२० साली केंद्राने स्वामित्व योजना आणली. ड्रोन उडवून गावठाणं मोजायची आणि घरमालकाला मालमत्ता पत्रक द्यायचं. पण ती ग्रामीण भागासाठी, आणि समुद्रपूर २०१५ मधेच नगरपंचायत झालेलं! आता दर चार वर्षांनी नवी आकारणी, हरकतीची मुदत, सुनावणी, आणि बिलात शिक्षण कराची वेगळी ओळ. (न्यू जर्सीतला आतेभाऊ म्हणतो, त्याच्या प्रॉपर्टी टॅक्समधला सगळ्यात मोठा वाटा शाळांनाच जातो. त्याच्या बिलाचा आकडा ऐकून मोठी आई म्हणाली, "मंग थो घर काहून घेते, किरायानं नाही राहत?") रक्कम वाढली, पावतीचा रंग बदलला. नाव तेच, आजोबांचं.

ग्रामपंचायतीच्या दप्तरात घर नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवावं असा शासन निर्णय २००३ मधे निघाला होता. पण मोठ्या बाबांचंच नाव चढलं नव्हतं, तर मोठ्या आईचं कुठून चढणार? यात दोष आमचाच. आजोबा गेल्यावर वारसांचा अर्जच कोणी केला नाही. टॅक्स भरला जातोय ना, मग कशाला घाई!

ओळखीच्या वकिलांनी सांगितलं ते असं. मोठ्या बाबांच्या वाट्यावर तिचा हक्क आहेच. इतकी वर्षं सगळ्यांच्या वतीने भरलेल्या टॅक्सचा हिस्साही ती आपल्याकडे मागू शकते. पण पूर्ण घर तिच्या नावावर व्हायचं, तर बाकीच्या वारसांनी हक्कसोड पत्र करून ते नोंदवायला हवं. ते एकट्याच्या सहीने होत नाही.

माझ्यापुरतं मी ठरवलं आहे. माझ्या वाट्याचं हक्कसोड मी करून देणार. बाबांना विचारलं, ते नुसते "हं" म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी आजोबांच्या मृत्यूचा दाखला स्वतःच शोधून दिला. बाकीच्यांनी आपापलं बघावं, मी कोणाला आग्रह करणार नाही. वारसांचा अर्ज तेवढा सगळ्यांचा मिळून करायचा आहे, तेव्हा दिवाळीला येताना प्रत्येकाने आधार कार्डाची झेरॉक्स आणावी.

आणि हो, यंदाचा टॅक्स मी भरतो म्हटलं तर मोठी आई म्हणाली, भरून झाला. पावती तारेत होती.