आगेराची लोंबी आणि वसईची विहीर

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी उत्तर कोकणातील अनेक चर्चमध्ये भाताच्या नव्या लोंब्या वेदीपुढे आणतात. धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात. हा ‘आगेरा’, सुगीच्या कृतज्ञतेचा सण. पोर्तुगीज अमदानीत धर्म बदलला, तरी शेतकऱ्याचे भाताशी असलेले नाते बदलले नाही. कोजागरीच्या सुमारास दाराला ‘नवे’ बांधणाऱ्या हिंदू शेजाऱ्याला हा विधी परका वाटू नये.

ख्रिस्ती धर्म आणि पर्यावरण यांचा इतिहास बहुधा धर्मपीठांच्या पत्रकांवरून सांगितला जातो. १९८९ साली ऑर्थोडॉक्स पंथाचे कॉन्स्टँटिनोपलचे पेट्रिआर्क दिमित्रिओस यांनी १ सप्टेंबर हा दिवस सृष्टीसाठी प्रार्थनेचा म्हणून ठरवला. १ जानेवारी १९९० च्या शांतिदिन संदेशात पोप जॉन पॉल दुसरे यांनी निसर्गरक्षणाला नैतिक कर्तव्य मानले. पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्र आले ते २०१५ मध्ये. वसईतील चळवळ या पहिल्या दोन घटनांच्याच काळातली. पण तिचे मूळ शोधायचे तर रोमकडे न पाहता विहिरीत डोकावले पाहिजे.

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील सामवेदी ख्रिस्ती, म्हणजेच कुपारी समाज, बागायतदार. केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला यांवर त्यांचा संसार चाले. पावसाचे पाणी ‘बावखल’ नावाच्या गोड्या पाण्याच्या तळ्यांत साठे, जमिनीत मुरे आणि विहिरींना मिळे. समुद्र जवळ असल्याने हा तोल नाजूक होता. उपसा अति झाला की खारे पाणी आत सरकते आणि वाडी मरते.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस हरितपट्टा बांधकामाला खुला होऊ लागला. १९९० मध्ये या भागाच्या नियोजनाचे अधिकार सिडकोकडे गेले. इमारतींबरोबर टँकर आले आणि विहिरींचे पाणी विकले जाऊ लागले. या काळात ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या मोर्चांचे नेतृत्व केले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी. १९८३ ते २००७ या काळात ते ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. पुढे २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

धर्माने या लढ्याला काय दिले? पहिली गोष्ट अगदी व्यवहारातली: दर रविवारी एकत्र येणारा गाव, चर्चचे पटांगण आणि हाताशी असलेले मासिक. नव्या संघटनेला हे जमवायला वर्षे लागली असती. दुसरी गोष्ट भाषेची. जमीन ही देवाची देणगी, आपण तिचे राखणदार, हे वाक्य बागायतदाराला समजावून सांगावे लागत नव्हते. मात्र पाण्याला धर्म नसतो. म्हणूनच ही चळवळ चर्चच्या कुंपणात राहिली नाही. हिंदू शेतकरी आणि सामाजिक कार्यकर्तेही तिच्यात होते. ती केवळ ख्रिस्ती राहिली असती, तर तिला ‘अल्पसंख्याकांची तक्रार’ म्हणून बाजूला सारणे सोपे गेले असते.

तरीही केवळ गौरवगाथा लिहून भागणार नाही. बिल्डर बाहेरून आला असेल, पण जमिनीच्या कागदावर सही गावातल्याच कुणाची तरी होती. एकत्र कुटुंबे फुटली, मुले मुंबईत नोकरीला लागली, वाडीत मजूर मिळेना. अशा घराला गुंठ्याचा भाव नाकारणे कठीण होते. २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली, तेव्हा गावे वगळण्यासाठी पुन्हा आंदोलन पेटले. चळवळीने काँक्रीट कायमचे थांबवले नाही. तिने त्याची गती अडवली आणि हिरव्या जमिनीला ‘रिकामी जमीन’ म्हणणे अवघड केले. हे यश लहान नाही, पुरेसेही नाही.

आगेरा आजही साजरा होतो. पण ज्या गावात भाताचे शेतच उरले नाही, तिथे वेदीपुढे ठेवायची लोंबी आणायची कुठून? प्रार्थनेला कृतीची गरज का असते, याचे उत्तर वसईत या साध्या प्रश्नात आहे.